आईच्या मुंग्या आणि माझा कंट्रोलर

मी कॉफीच्या मशीनला कंट्रोलर बसवला आणि पुढच्या काही आठवड्यांत आईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आज या दोन गोष्टी मी एका वाक्यात लिहितोय, पण तेव्हा आमच्या घरात त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. कंट्रोलर हा माझा विषय होता आणि मुंग्या हा शुगरचा. आईची शुगर काठावर आहे असं डॉक्टर बरेच दिवस सांगत होते. 'काठावर' हा शब्द तिनं विहिरीच्या काठासारखा घेतला होता.

तिच्या भीतीला कारण होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं, माझ्या मावशीचं, असंच सुरू झालेलं. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग एकदा तापलेल्या तव्यावर हात टेकला तरी तिला कळलं नाही. वास आल्यावर कळलं. शेवटची वर्षं मावशी सुनेच्या हातानं जेवली. आई तिला भेटून आली की दोन दिवस कमी बोलायची.

"मला सगळं चालंल," ती म्हणायची, "पण दुसऱ्यानं भरवल्यालं न्हाई चालायचं."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मिरवायला सांगत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, मिरवायलाच सांगतो. वडील मार्केट यार्डात पोती वाहायचे आणि आई तिथंच कांदा निवडायची. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर झालो तेव्हा वडिलांनी दारावर पाटी लावली, तिच्यावर डिग्री नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. पेंटरनं समजावून पाहिलं की नाव मोठं असतं, डिग्री बारीक. वडील म्हणाले, "नाव तर समद्यांनाच असतं." वडील गेले, पाटी आहे. बिबवेवाडीत जुन्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतला तेव्हा ती काढून इकडे आणली. सोसायटीत आईला कुणी तिच्या नावानं हाक मारत नाही. ती 'इंजिनियरची आई' आहे, आणि ही हाक आली की ती जरा सावकाश वळते.

डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची असली तरी मी पोटासाठी खराडीला सॉफ्टवेअर लिहितो. तिथली माणसं कॉफीबद्दल आमच्या गावाकडची माणसं बैलाबद्दल बोलतात तशी बोलतात. मी आधी हसायचो, मग मलाही चव लागली. ऑफिसातला एक जण नोकरीसाठी परदेशी गेला, त्याच्या घरातलं सगळं कोण ना कोण घेऊन गेलं आणि कॉफीचं मशीन राहिलं. मी ते मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आणलं.

मशीन स्टीलचं, जड, देखणं. एकच खोट होती. त्यातल्या पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट जुन्या पद्धतीचा होता. पाणी थंड झालं की पूर्ण चालू, गरम झालं की पूर्ण बंद. मधलं काही त्याला ठाऊक नाही. त्यामुळे एक कप जळका लागायचा, दुसरा आंबट. दूध तापवताना आई काय करते ते पाहा. आधी गॅस मोठा, साय हलायला लागली की बारीक, वर यायला लागलं की अजून बारीक. किती उरलंय, किती वेगानं वर येतंय, मघाशी काय झालं होतं, हे सगळं तिच्या मनगटात असतं. पीआयडी कंट्रोलर म्हणजे हेच, फक्त आकड्यांत. बॉयलरला तापमान मोजणारा सेन्सर लावायचा, एका छोट्या बोर्डावर तो हिशेब लिहायचा, आणि बोर्डानं आवाज न करणाऱ्या एका रिलेमार्फत, म्हणजे विजेनंच चालणाऱ्या स्विचमार्फत, हीटरला थोडी-थोडी वीज द्यायची.

कॉलेज सुटल्यापासून सोल्डरिंग गन-बिन काही घरात नव्हती, सगळं नव्यानं जमवलं. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत एका दुकानदाराला रिले मागितला.

"कशासाठी पाहिजे?"

"कॉफीच्या मशीनसाठी."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "समोर अमृततुल्य आहे. तिथं रिले लागत नाही."

पण दिला. वर, रिलेच्या मागे ॲल्युमिनियमची जाड पट्टी लावा, नाहीतर कॉफी रिलेवर उकळेल, असंही सांगितलं.

मशीन ठेवायला जागा एकच होती, स्वयंपाकघराचा ओटा. आणि आमच्या स्वयंपाकघरात देव्हारा आहे. त्यामुळे आत चपला चालत नाहीत. मी आईला नीट समजावलं की मी विजेचं काम करणार, झाकण उघडं असणार, पायात रबर असलेलं बरं.

"चपला आत न्हाई यायच्या."

"आई, करंट बसला तर?"

"देव बगून घील. पर चपला बगून त्यो रुसून बसला तर मंग कोण बगायचं?"

या मुद्द्याला इंजिनियरिंगमध्ये उत्तर नाही. मी कोपऱ्यातला लाकडी पाट ओढला, जेवायला बसायचा, सुकलेल्या सागाचा, आणि त्यावर उभा राहून काम करायला लागलो. लाकूड कोरडं असेल तर रबराची उणीव भागवतं. आईला पाट चालत होता, देवाला चालत होता आणि विजेच्या नियमांनाही चालत होता. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. पुढं कॉफी करतानाही मी सवयीनं पाटावरच उभा राहायचो. ओटा थोडा उंच आहे, तेही सोयीचं पडायचं. बायको म्हणायची, "अहो, औक्षण करू का?"

काम आवडायला लागलं. ऑफिसात मी जे लिहितो ते कुठल्यातरी दूरच्या मशीनवर चालतं, कुणासाठी चालतं ते मला दिसत नाही. इथं मी एक ओळ बदलली की समोरच्या बॉयलरचा आकडा हलायचा. आधी तो वर जाऊन खाली आपटायचा, मग हळूहळू झोके कमी झाले, आणि एका रविवारी तो आकडा जागेवर उभा राहिला. मी आईला बोलावून दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला.

"हलत न्हाई," ती म्हणाली.

"तेच तर करायचं होतं."

"एवढ्यासाठी एवढं?" पण हसली. त्या दिवसापासून त्या छोट्या डब्याला ती 'मशीनचं डोकं' म्हणायला लागली. कुणी आलं की, "ह्येचं डोकं माझ्या पोरानं बनिवलंय."

एक अडचण मात्र जात नव्हती. कॉफीसाठी पंप सुरू केला की स्क्रीनवर भलतीच चिन्हं उमटायची, कधी बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. पंपाची मोटर विजेच्या लाइनीत गडबड सोडते, ती बोर्डाला सहन होत नव्हती. मी पुन्हा गल्लीत गेलो आणि एक फिल्टर आणला. पत्र्याची छोटी डबी असते. आत येणाऱ्या विजेतली गडबड ती गोळा करते आणि तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत सोडून देते. फिल्टर बसवला, त्याची अर्थिंग मशीनच्या पत्र्याला आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेला जोडली. पंप सुरू केला. स्क्रीन स्वच्छ. मी पाटावरून खाली उतरून देवाला नमस्कार केला, आईनं तो पाहिला याची खात्रीही केली.

आमच्या घरी सकाळचं स्वयंपाकघर आईचं. बायको वारज्याला नोकरीला जाते, ती माझ्या आधी बाहेर पडते. मी आंघोळ करून येईपर्यंत मशीन तापलेलं असावं म्हणून आई आधीच बटण दाबून ठेवायची. मग फरशी पुसायची आणि ओल्या फडक्यानं ओटा. ओट्यावरचं सगळं ती पुसते, पण मशीन जास्त पुसायची. मिक्सरवरून फडकं एकदा फिरायचं, मशीनवरून दहादा. आरशासारखा पत्रा झाला होता त्याचा. मी म्हणायचो, कशाला एवढं. ती म्हणायची, "डोकं तू केलंस, तोंड मला बगू दे."

मुंग्या याच दिवसांत सुरू झाल्या. तिनं मला सांगितलं नाही, खालच्या बाईंना सांगितलं.

बाई म्हणजे तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. त्या आणि आई रोज संध्याकाळी बागेत फेऱ्या मारतात. आई शाळेत फार गेली नाही आणि बाईंची सगळी हयात शाळेत गेली, पण दोघींचं जमतं ते शुगरवर. बाईंची शुगर काठावर नव्हती, चांगली आत होती. त्यांच्या तळपायांना रात्री मुंग्या यायच्या, त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ सपाता घरातही घालायच्या. आईनं आपल्या बोटांचं सांगितल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो इंजिनियरच्या आई, हे असंच सुरू होतं. दुर्लक्ष करू नका."

मग आईनं मला सांगितलं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, कधी येतात? आई म्हणाली, सकाळी काम करताना. कशा? "बोटं खरखर करत्यात. पत्र्यावरनं हात फिरवला की पत्राच खरखरीत लागतो." डॉक्टरांनी रक्त तपासलं. शुगर होती तिथंच होती. शक्यता आहे, ते म्हणाले, नसांसाठी गोळ्या घेऊन बघू.

गोळ्यांनी काही होईना. एकदा मावशी मनात आल्यावर आईला मुंग्या कुठंही जाणवायला लागल्या, देवळात, टीव्ही बघताना, झोपताना. तिनं एक-एक काम स्वतःहून सोडायला सुरुवात केली. भाकरी थापणं सोडलं; तव्याची तिला भीती बसली होती. सुईत दोरा ओवायला बायकोला सांगायला लागली. जेवताना मी पाहायचो, ती घास उचलायच्या आधी बोटं एकमेकांवर घासून पाहायची, आहेत ना, कळतंय ना. मी पाहतोय हे दिसलं की हात पदराखाली घ्यायची. मला कॉफी गोड लागेना. आकडा जागेवर उभा होता, चव बरोबर होती, पण घरात कुणाचं लक्ष त्यात नव्हतं.

मामानं तिला हवापालटाला गावी बोलावलं, सासवडच्या पुढं. ती गेली. जाताना बाईंनी तिला आपल्या जुन्या सपाता दिल्या, "तिकडं अनवाणी फिरू नका. कळत नाही आपल्याला, पायात काय गेलं ते."

त्या रविवारी बायको घरी होती. आईच्या जागी तीच फरशी पुसत होती, मी मशीन चालू करून बाहेर पेपर वाचत बसलो होतो. आतून हाक आली.

"अहो! हे तुमचं मशीन चावतंय."

मी आत गेलो. ती हात झटकत उभी होती. "पुसायला गेले तर बोटं झिणझिणली. परत हात लावला, परत तेच." मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "का मलाही शुगर झाली, एका सकाळीत?"

मी हात लावला. काही नाही. गार पत्रा.

"काही नाही गं."

"पाटावरून उतरा आधी."

मी खाली पाहिलं. माझे पाय न विचारता पाटावर चढले होते. मी उतरलो, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो आणि मशीनच्या पत्र्यावरून हलकेच बोटं फिरवली. पत्रा खरखरीत लागला. आरशासारखा चकचकीत पत्रा, आणि बोटाखाली जणू बारीक वाळू. आई डॉक्टरांना जे म्हणाली होती, शब्दाशब्द तेच.

मी टेस्टर आणला, पत्र्याला टेकवला. आतला दिवा मंद लाल पेटला. मल्टिमीटरनं पाहिलं, मशीनच्या अंगावर घरच्या विजेच्या जवळजवळ निम्मा दाब उभा होता. मग ओट्यावरच्या सॉकेटचं तिसरं भोक तपासलं, अर्थिंगचं. ते मेलेलं होतं. त्याचा जमिनीशी संबंधच नव्हता.

आता सगळं सरळ दिसत होतं. फिल्टर त्याचं काम चोख करत होता. गडबड गोळा करत होता आणि अर्थिंगकडे ढकलत होता. अर्थिंग कुठंच जात नव्हती, म्हणून ते सगळं मशीनच्या पत्र्यावर येऊन थांबत होतं आणि तिथून जमिनीत जायला जो सापडेल त्याच्यातून जात होतं. मी पाटावर होतो. बायको चहावाली, मशीनजवळ फिरकत नव्हती. सापडत होती ती आई, ओल्या फरशीवर अनवाणी, ओलं फडकं घेऊन. फिल्टरमधून येणारी वीज मुंगीएवढीच असते, तिनं माणूस मरत नाही. पण अर्थिंगच नाही म्हटल्यावर उद्या आतली एखादी वायर सुटून पत्र्याला लागली असती, तर ती मुंगी राहिली नसती. मी प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली.

बायकोनं तोवर फोन लावला होता. स्पीकरवर आईचा आवाज आला, खुशीतला.

"अगं, हितं आल्यापासनं मुंग्याच न्हाईत बग! गावाकडची हवा."

बायकोनं फोन माझ्यापुढं धरला. "घ्या. सांगा हवेला."

मी सांगितलं. मशीन, फिल्टर, तिसरी वायर, जमेल तितकं सोपं करून.

"म्हंजी शुगर न्हाई?" ती हळूच म्हणाली.

"शुगर काठावर आहे ती आहेच. पण मुंग्या तिच्या नाहीत. मशीनच्या आहेत."

"नक्की?"

"नक्की."

"ह्ये तू पोरगा म्हणून सांगतोयस का इंजिनेर म्हणून?"

"इंजिनियर म्हणून."

"मंग ठीक हाय." आणि फोन कानाशी असतानाच ती तिकडं ओरडली, "अगं वैनी, सर तिकडं! पीठ मी मळते!"

मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. रागावली असती तर मला चाललं असतं. ती रागावणं सोडून बाकी सगळं करायला तयार होती, त्या फोनवर गाणंसुद्धा म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी वायरमन आणला. त्यानं ओट्यावरचा बोर्ड खोलला. आत हिरवी वायर होती, नीट गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली, कशालाच न जोडलेली.

"ही जोडली का नाही कुणी?"

"साहेब, हिरवी कोण जोडतंय?" तो म्हणाला. "तिच्याशिवाय लाइट लागतो ना. लाइट लागला की बिल्डरचा माणूस पुढच्या फ्लॅटमध्ये."

तीन भोकांचं सॉकेट पाहिलं आणि मी गृहीत धरलं होतं की तिसऱ्या भोकामागं वायर जोडलेली असणार. पाटीवर मोठ्या अक्षरांत डिग्री आहे म्हणून सांगतो, आता मी कुणाच्याही घरी गेलो की आधी ते तिसरं भोक बघतो. आम्ही घरातले सगळे बोर्ड खोलून हिरव्या वायरी जोडल्या, मीटरजवळची अर्थिंग तपासून घेतली आणि जरा गळती झाली की घराची वीज तोडणारा ब्रेकर बसवला. मग मशीन लावलं. टेस्टर पेटला नाही. मल्टिमीटरचा आकडा शून्याशी येऊन बसला.

आई आली ती थेट स्वयंपाकघरात. पिशवी दारात टाकली, तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं, त्यात अनवाणी उभी राहिली. मी म्हटलं, आई, मी तपासलंय.

"तू तपासलंयस. मला तपासू दे." तिनं पंजा उपडा करून पत्र्याला लावला, मग सुलटा, मग दोन्ही हात. डोळे मिटून घेतले. "गार हाय नुस्तं," ती म्हणाली. "गुळगुळीत."

पुढचे काही दिवस सोसायटीत तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत झालं, इंजिनियरच्या आईला शुगर नव्हती, इंजिनियरच्या मशीनचा शॉक होता. तिच्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी होती, त्यात माझी अब्रू कुठं सांडतेय हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला लिफ्टपाशी म्हणाले, "कॉफीला बोलवा एकदा. येताना विम्याचे कागद घेऊन येतो."

मग एका संध्याकाळी ती फेरी मारून आली आणि म्हणाली, "चल, ते तुझं मोजायचं घे. बाईंकडं जायाचंय."

"कशाला?"

"त्यांची बी बिल्डिंग हीच. वायरी जोडणारा बी त्योच मेला आसंल. त्यांच्या मुंग्या बी तसल्याच आसतील की!"

मला ते पटलं नव्हतं. बाईंना मुंग्या तळपायाला येतात, रात्री, अंथरुणात. आणि घरात त्या सपातांशिवाय पाऊल टाकत नाहीत. हे मी आईला जिन्यात सांगायला लागलो, पण तिनं माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की मल्टिमीटर घेऊन तिच्यामागं उतरलो. बाईंनी दार उघडलं, माझ्या हातातला मल्टिमीटर पाहिला आणि आत घेतलं. मी फ्रीज मोजला, मिक्सर मोजला, गिझर, वॉशिंग मशीन, पलंगाशेजारचा टेबललॅम्पसुद्धा. आई प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावरून आकडा बघायची, जणू तिच्या बघण्यानं तो वाढेल. इथंही हिरव्या वायरी जोडलेल्या नव्हत्या, ते मी लिहून घेतलं आणि वायरमन पाठवतो म्हणालो. पण कशाच्याही अंगावर वीज नव्हती. एकही वस्तू खरखरीत लागत नव्हती.

"मंग?" आई म्हणाली.

"मग काही नाही," मी म्हणालो.

बाईंनी चहा टाकला होता. कप पुढं ठेवत त्या आईला म्हणाल्या, "माझं खरं आहे हो. मला ठाऊक होतं."

"मंग मोजू कशाला दिलं?"

"तुम्ही एवढ्या धावत आलात. नको कसं म्हणायचं?"

आईनं चहा घेतला. नेहमी ती बशीत ओतून भुरकते, त्या दिवशी कपानंच प्यायली. वर येताना जिन्यात तिनं कठडा धरला आणि म्हणाली, "मी आपली सगळीकडं सांगत फिरले. बाईंसमोर बी सांगितलं. दोनदा." मी म्हणालो, बाईंना वाईट नाही वाटलं. आई म्हणाली, "त्यांना न्हाई वाटलं. मला वाटतंय."

त्यानंतर तिनं मशीनची गोष्ट सांगणं बंद केलं. फेऱ्या बंद केल्या नाहीत. उलट आता बाईंच्या तपासणीच्या दिवशी ती सोबत जायला लागली. बाईंना एकटीनं जायची सवय होती, त्यांनी आधी नको म्हटलं, मग म्हणाल्या, या, पण डॉक्टरांपुढं गप्प बसायचं.

एकदा मीच दोघींना गाडीनं सोडलं आणि आत जाऊन बसलो. दोघींचे डॉक्टर एकच, त्यामुळे नंबर लावणाऱ्या मुलीनं आईला ओळखलं. मागच्या वेळच्या गोळ्या, मुंग्या, सगळं तिला आठवत होतं.

"आजी, तुमचं पण नाव लिहू ना? हातांचं कसं आहे?"

आईनं दोन्ही हात पुढं केले, उलटसुलट करून दाखवले, आणि पटकन मागे घेतले. शेजारच्या खुर्चीवर बाई सपाता काढून तळवे एकमेकांवर घासत होत्या.

"न्हाई," आई म्हणाली. "मी नुस्ती सोबत आलीया."

"डॉक्टरांना मशीनचं सांगायचं नाही हं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "एवढ्या गोळ्या दिल्या बिचाऱ्यांनी. वाईट वाटेल."

"न्हाई सांगत." आईनं वाकून बाईंच्या सपाता सरळ करून त्यांच्या पायांशी लावल्या. "घाला. फरशी गार हाय."